पडणाऱ्याची विद्या

चैत्र लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पालखी, छबिना, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा, हा क्रम ठरलेला. हलगी कडाडते, पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्या उरकतात आणि ऊन कलता कलता इनामाची शेवटची कुस्ती लागते. जो चितपट करतो त्याला लोक खांद्यावर घेतात, फेटा बांधतात, त्याच्या हातात नोटा कोंबतात. आणि दुसरा? तो पाठीची माती झटकत, कुणाच्या नजरेला नजर न देता, कपडे ठेवले होते त्या कोपऱ्याकडे चालू लागतो. एखादा जुना जाणता वस्ताद तेवढा त्याच्या पाठीवर थाप मारतो. कारण वस्तादाला ठाऊक असतं की कुस्ती एकट्यानं होत नसते. पडणारा तोलामोलाचा नसेल तर पाडणाऱ्याच्या फेट्याला किंमत नाही.

सिनेमातल्या मारामारीचंही असंच आहे. आपण तिकीट काढतो नायकासाठी, टाळ्या वाजवतो त्याच्याच नावानं. पण मारामारी रंगली की फसली, हे ठरतं समोरच्या माणसावर. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो जगभरातल्या प्रेक्षकांनी पाहिलेला असाच एक 'समोरचा माणूस' आहे. त्याचं नाव बोलो यंग. नुसत्या नावावरून चटकन ओळख पटायची नाही. पण 'एंटर द ड्रॅगन'मधला तो छातीचा डोंगर, किंवा 'ब्लडस्पोर्ट'मध्ये छातीचे स्नायू नाचवत छद्मी हसणारा तो चाँग ली म्हटलं, की ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हिडिओवर सिनेमे पाहत वाढलेली पिढी लगेच म्हणेल, 'अरे, तो होय!'

ते दिवस आठवून पाहा. तालुक्याच्या गावात एखाददुसरं थिएटर, यात्रेत तंबूतला सिनेमा आणि त्यात नव्यानं आलेला भाड्याचा व्हीसीआर. वर्गणी काढून एका रात्रीत तीन कॅसेटी पाहायच्या. एक देवाधर्माची वडीलधाऱ्यांसाठी, एक हिंदी सगळ्यांसाठी आणि मोठी माणसं पेंगायला लागली की तिसरी कराटेची. शिरूर हे पुणे-नगर रस्त्यावरचं गाव, दौंड हे रेल्वेचं जंक्शन. बाहेरचं नवं काही आलं की या दोन्ही ठिकाणी ते आडबाजूच्या खेड्यांच्या आधी पोचायचं. केशकर्तनालयात देवांच्या तसबिरींशेजारी ब्रूस लीचा फोटो लागला. दोन दांडकी आणि त्यांच्यामध्ये सायकलची जुनी चेन असं घरगुती हत्यार गल्लोगल्ली फिरायला लागलं आणि त्यानं शत्रूपेक्षा फिरवणाऱ्याचीच डोकी जास्त फोडली.

गल्लीतल्या त्या मारामारीत ब्रूस ली व्हायला दहा जण तयार असत. बोलो व्हायला मात्र कुणी राजी नसे. मग गल्लीतल्या सगळ्यांत जाड मुलाच्या गळ्यात ती भूमिका पडायची. तो बिचारा दहा जणांच्या लाथा खाऊन संध्याकाळी रडत घरी जायचा. गंमत म्हणजे, तो नीट पडला तरच खेळ रंगायचा. तो रुसून बसला की दहाही ब्रूस ली बेकार!

नावाचीही एक गंमत होती. आपल्याकडे 'बोलो' म्हणजे 'बोल'. आणि हा गृहस्थ तर सिनेमाभर बोलायचाच नाही! 'एंटर द ड्रॅगन'मध्ये त्याच्या वाट्याला संवाद असे नाहीतच. पण त्या सिनेमातल्या पात्राचं नाव 'बोलो' होतं आणि ते लोकांच्या तोंडी इतकं बसलं, की पुढे नटाचंही तेच नाव झालं. त्याचं मूळ नाव यांग स्झे. जन्म दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौचा, म्हणजे जुन्या कँटनचा. व्यायामाचा आणि युद्धकलेचा नाद लहानपणापासूनचा. पुढे चीनमधून बाहेर पडून तो हाँगकाँगला आला, वजनं उचलू लागला आणि १९७० मध्ये 'मिस्टर हाँगकाँग' झाला. 'चायनीज हर्क्युलस' हे टोपणनाव त्याला पुढे चिकटलं. उंचीनं तो चारचौघांसारखाच, साडेपाच फुटांच्या आसपास. पण खांदे आणि छाती अशी, की पडद्यावर तो दारात उभा राहिला तर दार बंद झाल्यासारखं वाटावं.

अशा माणसाला सिनेमा कशासाठी बोलावणार? देखण्या नायकाला मारण्यासाठी आणि शेवटी त्याच्याकडून मार खाण्यासाठी. १९७३ चा 'एंटर द ड्रॅगन' हा ब्रूस लीचा सिनेमा. २० जुलै १९७३ ला वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ब्रूस ली गेला आणि त्यानंतर महिन्याभरात हा सिनेमा अमेरिकेत झळकला. त्यात बोलो हा खलनायक हानचा उजवा हात. कामात कसूर करणाऱ्या पहारेकऱ्यांना सगळ्यांच्या देखत तो नुसत्या हातांनी संपवतो. चेहऱ्यावर राग नाही, आनंद नाही. शेतकऱ्यानं वाळलेली काटकी मोडावी तसं. त्या दोन मिनिटांत आपल्या पोटात गोळा येतो आणि तो सिनेमा संपेपर्यंत तिथंच राहतो. पुढे त्याची गाठ पडते ती जॉन सॅक्सननं केलेल्या रोपरशी, म्हणजे बोलोपुढे निम्माच दिसणाऱ्या एका अमेरिकन जुगाऱ्याशी. हा जुगारी या डोंगराला लोळवतो आणि ते आपल्याला पटतं! हे पटवून देण्याचं काम सॅक्सनपेक्षा बोलोनं केलेलं आहे. मोठ्या ताकदीच्या माणसानं कमी ताकदीच्या माणसाकडून खरं वाटेल असं हरणं, याहून अवघड काम पडद्यावर दुसरं नसेल.

ते कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे. सिनेमातला ठोसा बहुतेक वेळा जबड्यापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा असा ठेवतात की ती वीत दिसू नये. मग मार बसला हे आपल्याला कळतं कशावरून? खाणाऱ्याच्या मानेवरून. मान नेमक्या क्षणी फिरली, पाय नेमक्या क्षणी सुटले, तर हवेत मारलेला ठोसाही हाडापर्यंत गेल्यासारखा वाटतो. 'ढिशूम' हा आवाज तर नंतर भरलेला असतो. म्हणजे ठोसा मारतो नायक, पण तो 'बसवतो' खलनायक. क्षणभराचा मेळ चुकला की सगळं संपलं. 'एंटर द ड्रॅगन'मध्येच बॉब वॉल या कराटेपटूबरोबरच्या मारामारीत फुटलेली बाटली खऱ्या काचेची होती. मेळ चुकला, ब्रूस लीचा हात कापला गेला आणि चित्रीकरण खोळंबलं.

त्या सिनेमात मार खाणाऱ्यांची रांगच्या रांग आहे. तीत बारकाईनं पाहिलं तर एक विशीही न गाठलेला पोरगा दिसतो. ब्रूस ली त्याचे केस धरतो, मान मोडतो आणि पुढे जातो. तो पोरगा म्हणजे जॅकी चॅन. सुरुवातीच्याच लढतीत हरणारा गुबगुबीत गडी म्हणजे सॅमो हुंग. दोघंही एकाच गुरूच्या हाताखाली लहानपणापासून चिनी ऑपेराच्या शाळेत कोलांट्या शिकत वाढले आणि पुढे दोघंही हाँगकाँगच्या सिनेमाचे बादशहा झाले. आधी पडायला शिकले, मग पाडायला.

आणि खुद्द हान? लोखंडी पंजाचा तो खलनायक साकारणारा शिह किएन तेव्हा साठीचा होता. चिन वू या नामांकित व्यायाम-संस्थेत तो युद्धकला शिकलेला. वाँग फेई-हुंग हा एकोणिसाव्या शतकातला वैद्य आणि लढवय्या. त्याच्यावर हाँगकाँगमध्ये १९४९ पासून सिनेमांची मालिकाच निघाली. क्वान टाक-हिंग या नटानं ७० हून अधिक वेळा ही नायकाची भूमिका केली आणि त्यांतल्या कित्येक सिनेमांत त्याच्यासमोर खलनायक म्हणून उभा राहिला तो शिह किएन. लोकांनी त्याच्या नावाआधी 'कपटी' हे विशेषणच जोडून टाकलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून 'एंटर द ड्रॅगन'मधला हानचा आवाज दुसऱ्या नटाचा, की ल्यूकचा आहे. वर्षानुवर्षं एकाच नायकाकडून हरत राहिलेला हा माणूस ९६ वर्षांचं आयुष्य जगून २००९ मध्ये गेला.

बोलोची खरी कमाल मात्र १९८८ च्या 'ब्लडस्पोर्ट'मध्ये दिसली. ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम तेव्हा नवखा, बोलो चाळिशीच्या घरातला. हाँगकाँगमधल्या एका गुप्त स्पर्धेची ही गोष्ट. बोलोचा चाँग ली हा मागच्या वेळचा अजिंक्यवीर. हरलेल्यालाही तो सोडत नाही. एका प्रतिस्पर्ध्याचा जीव घेतल्यावर तर पंचच त्याच्याकडे पाठ फिरवतात. यात बोलोला संवाद अगदी थोडे आहेत, पण त्यांतला एक फार बोलका आहे. नायक विटांची चळत रचून फक्त खालची वीट फोडून दाखवतो, तेव्हा चाँग ली म्हणतो की छान, पण वीट उलटून मारत नाही. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये फळी फोडून दाखवणाऱ्या खलनायकाला ब्रूस लीनं हेच सुनावलं होतं, की फळ्या काही उलटून मारत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी नायकाच्या तोंडी असलेलं शहाणपण आता खलनायकाच्या तोंडी आलं! आणि बोलोनं ते म्हटलं तेव्हा ते खरं वाटलं, कारण तो स्वतः आयुष्यभर 'उलटून मारणारी वीट' म्हणूनच उभा राहिलेला होता.

शेवटच्या लढतीत चाँग ली कमरेला दडवलेली पूड नायकाच्या डोळ्यांत फेकतो. डोळे गेलेला नायक कान टवकारून लढतो आणि जिंकतो. तो त्याला ठार मारत नाही, हार कबूल करायला लावतो. या ठिकाणी बोलोचा चेहरा पाहावा. गर्व उतरत उतरत जातो, मग अविश्वास येतो आणि अखेरीस नाइलाजानं ओठ हलतात. व्हॅन डॅमला तारा केला तो या सिनेमानं. पण चाँग लीची भीती प्रेक्षकाच्या मनात बसली नसती, तर त्या विजयाला अर्थ उरला असता का? १९९१ च्या 'डबल इम्पॅक्ट'मध्ये तर एकाच्या जागी दोन व्हॅन डॅम होते, जुळे भाऊ. आणि दोघांना पुरून उरायला पुन्हा बोलोच लागला. १९९३ च्या 'शूटफायटर'मध्ये त्याला सज्जन गुरूची भूमिका मिळाली, ती त्यानं नेटकी केलीही. पण लोकांच्या मनातला चाँग ली काही हलला नाही.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या मातीला मात्र हा धडा नवा नाही. १९२० मध्ये बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' हा मूकपट पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीम झाले होते बाळासाहेब यादव आणि कीचक झुंझारराव पवार. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा उतरला, की प्रेक्षक हादरले आणि सरकारनं तो कापायला लावला. जरा विचार करा, ना आवाज, ना रंग, ना 'ढिशूम'. तरी लोकांचा थरकाप झाला तो मरणाऱ्या कीचकामुळे. त्याच्याही आधी खाडिलकरांचं 'कीचकवध' हे नाटक १९०७ मध्ये आलं, तेव्हा लोकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिलं आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. महाराष्ट्रानं खलनायकाला कधी किरकोळ मानलेलं नाही.

हिंदीत बोलोचा भाऊ शोभावा असा गडी म्हणजे शेट्टी. तुळतुळीत डोकं, आडवा बांधा. स्वतः मारामाऱ्या बसवणारा आणि स्वतःच मार खाणारा. १९७८ च्या 'त्रिशूल'मध्ये अमिताभ बच्चन माधो सिंगला ठोकायला जातात, ते त्याच्यासाठी रुग्णवाहिका सोबत घेऊनच. हा माधो सिंग म्हणजे शेट्टी. थिएटर टाळ्यांनी दणाणायचं, पण ती रुग्णवाहिका विनोदी न वाटता रुबाबदार वाटते ती शेट्टीच्या देहामुळे. कुणा काडीपैलवानासाठी ती आणली असती तर लोक हसले असते. या शेट्टींचे चिरंजीव रोहित शेट्टी यांनी पुढे पडद्यावर गाड्या उडवून नाव कमावलं. मार खाण्याचं शास्त्र त्या घरात आधीपासून होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि निळू फुले? ते काही पहिलवान नव्हेत. हातही न उगारता नुसत्या तिरक्या नजरेनं आणि घोगऱ्या आवाजानं त्यांनी उभ्या महाराष्ट्राला धाक घातला. पडद्यावरच्या त्यांच्या पाटलाला, सरपंचाला, साखरसम्राटाला पाहून खेड्यापाड्यांतल्या आयाबाया बोटं मोडत. हा माणूस प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहिलेला. २००९ मध्ये, शिह किएन गेला त्याच वर्षी, तेही गेले. त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांत एकेकाळी बोटं मोडणाऱ्या कितीतरी जणी असतील.

विरुद्ध बाजूचा माणूस चांगला असू शकतो, हे शिरूरकरांना तरी वेगळं सांगायला नको. इथं इंग्रजांची छावणी होती. कर्नल वॉलेस नावाचा कंपनीचा एक अधिकारी १८०९ मध्ये इथं मरण पावला. गावकऱ्यांनी त्याला 'सत्पुरुष' म्हटलं आणि सुगीच्या दिवसांत त्याच्या थडग्यापुढे नैवेद्य ठेवला, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. फौज परक्यांची, पण माणूस आपला मानला गेला. पडदा असो की इतिहास, भूमिका आणि माणूस यांत फरक करण्याचं शहाणपण आपल्या लोकांत मुरलेलं आहे.

आता थोडं घरातलं. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यानं पहाटे जा, की पोलीस भरतीसाठी धावणारी मुलं-मुली दिसतात. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट असल्यानं वर्दीचं आकर्षण या भागात मोठं. पण जागा मोजक्या आणि धावणारे अमाप. म्हणजे दर वर्षी खूप जण 'दुसरे' येणार, काही जण पुन्हा पुन्हा येणार. दहावी-बारावीच्या निकालाचंही तेच. आपण मुलांना जिंकण्याच्या गोष्टी भरपूर सांगतो. शाळेच्या भिंतीवर गुणवंतांचे फोटो लावतो, चौकात अभिनंदनाचे फलक उभारतो. पडलं तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. मग एखादं पोर पहिल्याच धक्क्याला असं कोसळतं, की घर हादरून जातं.

तालमीत हे शिकवलं जायचं. हौदातली लाल माती उगाच मऊ करत नसत. तीत ताक, तेल, हळद कालवायची, रोज ती उकरायची, ती पडणाऱ्यासाठी. ज्युदोच्या वर्गातही फेक शिकवण्याआधी पडणं शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, श्वास सोडायचा आणि तळहात जमिनीवर सपाट आपटायचा, म्हणजे धक्का एका हाडावर न बसता अंगभर वाटला जातो. जो पडायला घाबरत नाही तोच पुढे मोकळ्या मनानं लढतो. बोलो यंगच्या भारदस्त देहामागे हीच विद्या होती. इतकं वजन घेऊन तो पडला, पुन्हा उठला आणि पुढच्या सिनेमात पुन्हा पडायला हजर झाला.

सध्या तालुक्याच्या गावांतही कराटे-ज्युदोचे वर्ग निघाले आहेत. संध्याकाळी पांढरे डगले घालून निघालेली चिमुरडी पाहून बरं वाटतं. महिन्याभरानं आई-वडील हौसेनं विचारतात, 'काय काय शिकलास?' आणि पोर प्रामाणिकपणे सांगतं, 'पडायला.' फी फुकट गेली असं वाटून तेवढ्यावरून वर्ग बदलू नका. मास्तर बरोबर शिकवत आहेत.